एमआरआय आणि अंगावरची धर्मचिन्हे

एमआरआय तपासणीच्या खोलीत जाण्यापूर्वी अंगावरचा सगळा धातू उतरवावा लागतो. घड्याळ, पट्टा, चाव्या काढताना कोणी अडखळत नाही. मंगळसूत्र, कडे, क्रूस किंवा ताईत काढायची वेळ आली की प्रश्न उभा राहतो: श्रद्धेने धारण केलेले चिन्ह तपासणीसाठी उतरवले, तर धर्म मोडतो का? मीरा-भाईंदरमध्ये उत्तनच्या कॅथलिक कोळीवाड्यांपासून भाईंदरच्या जैन समाजापर्यंत आणि मीरा रोडच्या नया नगरातील मुस्लिम वस्तीपर्यंत अनेक परंपरा शेजारी नांदतात. तिथे हा प्रश्न एकाच प्रतीक्षाकक्षात अनेक रूपांत पडू शकतो.

धातू काढण्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. बहुतेक रुग्णालयांतील यंत्रे 1.5 किंवा 3 टेस्ला क्षमतेची असतात. 1.5 टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. अशा यंत्रांतील अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेला असतो आणि तपासणी चालू नसतानाही त्याचे आकर्षण कायम असते. 27 जानेवारी 2018 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन या खोलीत शिरलेला एक तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि मृत्युमुखी पडला. सोने-चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, पण दागिन्याच्या फाशात किंवा मिश्रधातूत लोखंड, निकेल असू शकते. शिवाय रेडिओलहरींमुळे धातू तापून त्वचा भाजू शकते आणि जवळच्या भागाची प्रतिमा बिघडते.

हिंदू विवाहित स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न मुख्यतः मंगळसूत्राचा आणि जोडव्यांचा असतो. लग्नापासून ते कधीच न काढलेल्या वृद्ध स्त्रीला तंत्रज्ञाची सूचना अशुभ वाटते. धर्मशास्त्राचा आधार मात्र वेगळे सांगतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात नोंदवले आहे की, प्राचीन सूत्रग्रंथांत मंगळसूत्र बांधण्याचा विधी आढळत नाही. तिथे पाणिग्रहण आणि सप्तपदी यांना महत्त्व आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो असे मानले आहे. लोकाचारातही वाट आहे: मंगळसूत्र काढावे लागले, तर दोऱ्यात ओवलेले हळकुंड गळ्यात बांधतात. त्यात धातू नसतो. जानवे सुती असल्याने धोका नसतो, पण त्याला बांधलेली किल्ली सोडावी लागते. वारकऱ्याची तुळशीमाळ दोऱ्यात ओवलेली आहे की तारेत, हे पाहावे लागते. करगोट्यात अडकवलेला ताईतही विसरता कामा नये.

शीख परंपरेत पेच अधिक खरा आहे, कारण तिथे धातू स्वतःच धार्मिक आचारसंहितेचा भाग आहे. पाच ककारांपैकी, म्हणजे धारण करायच्या पाच धर्मचिन्हांपैकी, केस, कच्छेरा आणि लाकडी कंगवा यांना सहसा अडचण येत नाही. लोखंडी किंवा पोलादी कडे आणि कृपाण मात्र बाहेर ठेवावे लागतात. काहीजण छोटी कृपाण कंगव्यात किंवा केसांत बाळगतात, तीही सांगावी लागते. भारतीय संविधानाच्या कलम 25 ने कृपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. तेच कलम धर्मस्वातंत्र्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही घालते.

इस्लामी फिक्‌हमध्ये, म्हणजे धर्मविधिशास्त्रात, निकडीच्या प्रसंगी निषिद्ध गोष्टीलाही मुभा मिळते, असे तत्त्व प्रस्थापित आहे. ताईत तर अनिवार्य नाहीच. त्याच्या योग्यतेबद्दल उलेमांतच मतभेद आहेत. साधा सुती हिजाब राहू शकतो, टाचण्या काढाव्या लागतात. कॅथलिक शिकवणीनुसार क्रूस, पदक, जपमाळ ही पवित्र चिन्हे असली, तरी संस्कारांप्रमाणे ती कृपा प्रदान करीत नाहीत. ती भाविकाला कृपेसाठी सिद्ध करतात. त्यामुळे पदक तासभर बाजूला ठेवल्याने बाप्तिस्मा किंवा विवाह यांना बाध येत नाही.

जैन साधनेतला कायोत्सर्ग इथे वेगळ्या अर्थाने उपयोगी पडतो. सहा आवश्यकांपैकी, म्हणजे नित्य कर्तव्यांपैकी, हे एक. त्यात देहावरची ममता सोडून स्थिर राहायचे असते. एमआरआयच्या बोगद्यातही साधारण वीस मिनिटे ते एक तास न हलता पडून राहावे लागते. यंत्र ठोकल्यासारखा मोठा आवाज करते, म्हणून कानात बोळे किंवा कानावर हेडफोन देतात आणि मदतीसाठी हातात दाबायचा फुगा असतो. कोणत्याही धर्माचा रुग्ण मनातल्या मनात नामस्मरण करू शकतो. मात्र ओठ, मान किंवा बोटे हलवून जप केल्यास प्रतिमा अस्पष्ट होऊ शकते.

या परंपरांची कारणे वेगवेगळी आहेत, पण व्रत आणि त्याची खूण यांतला फरक प्रत्येकीला ठाऊक आहे. आपद्धर्माची, म्हणजे संकटकाळी नेहमीचा नियम बाजूला ठेवण्याची, कल्पना त्याच फरकावर उभी आहे. रुग्ण स्वतःच्या हाताने, पुन्हा धारण करण्याच्या संकल्पाने चिन्ह उतरवतो, तेव्हा त्याची निष्ठा अबाधित असते. तपासणी केंद्राचीही जबाबदारी आहे: वेळ ठरवतानाच ही सूचना द्यावी, आडोसा द्यावा, चिन्ह जमिनीवर किंवा चपलांजवळ न ठेवता नातेवाइकाच्या हाती सोपवू द्यावे. न निघणारे कडे किंवा जोडवे, पेसमेकर, शस्त्रक्रियेतील क्लिप यांची माहिती आधीच सांगावी. चिन्ह उतरवल्याने धर्म मोडत नाही. ते लपवून आत नेल्याने मात्र स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही जिवाला धोका होतो, आणि त्याला कोणताही धर्म संमती देत नाही.