हजारावा गोल कुणी मोजायचा?

फेब्रुवारी २०१४मध्ये ब्राझीलमधल्या अराशा या छोट्या क्लबकडून खेळताना ४४ वर्षांच्या तुलियो माराविल्यानं पेनल्टीवर गोल केला. हा आपला हजारावा गोल, असं त्यानं जाहीर केलं. मोजणी त्याची स्वतःचीच. तीत मैत्रीपूर्ण सामन्यांतले आणि युवा संघांकडून केलेले गोलही धरलेले. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेलं.

तुलियो काही हौशी खेळाडू नव्हता. ब्राझीलच्या राष्ट्रीय लीगमध्ये १९८९, १९९४ आणि १९९५ अशा तीन मोसमांत तो गोलांच्या यादीत अव्वल होता. १९९५मध्ये त्याचा बोताफोगो विजेता ठरला. पुढे मात्र विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर: आज हा क्लब, उद्या तो, आणि दर खेपेला मैदान आधीपेक्षा लहान.

हजाराच्या कल्पनेला वलय दिलं पेलेनं, १९६९मध्ये, माराकानावर. पण पेलेच्या यादीतही मैत्रीपूर्ण सामने होते, लष्कराच्या संघाकडून केलेले गोल होते. रोमारिओनं २००७मध्ये हजार गाठले तेही अशाच मोजणीनं. म्हणजे आपण हसतो ते मोजणीच्या नियमाला नव्हे, रिकाम्या स्टँडला.

याउलट, १९९५च्या कोपा अमेरिकात तुलियोनं अर्जेंटिनाविरुद्ध चेंडू हातानं अडवून बरोबरीचा गोल केला. पंचांना ते दिसलं नाही. ब्राझील पेनल्टी शूटआऊटवर जिंकला. तो गोल अधिकृत नोंदींत आजही आहे. आडगावच्या मैदानावरचा निर्मळ गोल मात्र नाही. अधिकृत आणि खरं यांत एवढं अंतर पडू शकतं.

मग ज्यानं त्यानं आपापलं मोजावं का? सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते: व्याख्या ठरवणाराच गुण मिळवणारा असेल, तर आकडा हमखास वाढतो. म्हणून स्वतःच्या मोजणीवर एक बंधन हवं: काय धरलं आणि काय वगळलं, ते उघड सांगायचं. एवढं पाळलं, तर तो आकडा खोटा म्हणता येत नाही. पण तो इतरांनी मानलाच पाहिजे, असाही हक्क सांगता येत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचं काम रिकाम्या स्टँडसमोरच चालतं. अधिकृत यादीत न येणारं सगळं शून्य धरायचं, तर आयुष्याचा मोठा भाग शून्यात जाईल. चाळिशी ओलांडल्यावरही सरावाला उतरायला तुलियोला तो आकडा पुरला. टाळ्या मागितल्या, तिथे तो चुकला असेल. मोजत राहिला, यात नाही.