ओठ न टेकवता

बारामतीत दोन भाऊ राहत होते. मोरोपंतांची बरीचशी हयात याच गावात गेली, 1794 मध्ये ते इथेच वारले. तेव्हा पंतांचं काव्य आपल्याला समजलंच पाहिजे, असा थोरल्याचा हट्ट. त्याने आर्याभारत आणलं. पहिल्याच पानावर लांबलचक समास आडवा आला. मग शब्दकोश आणला, संस्कृतची शिकवणी लावली, यमक-श्लेषांच्या वह्या भरल्या. तयारी पुरती झाल्याशिवाय पंतांना हात लावायचा नाही, असं ठरवलं. वह्या वाढत गेल्या, ग्रंथावर धूळ बसत गेली.

धाकटा चाळिशीचा, एका मुलीचा बाप, आणि अजून रोज रात्री मारिओ खेळणारा. 1985 चा तो गेम. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे. कॅसेट लहानपणचीच, फुंकर मारल्याशिवाय चालायची नाही. (खरं तर फुंकरीने काही होत नाही, काढून पुन्हा बसवल्यानेच ती चालते, पण फुंकल्याशिवाय मन मानत नाही.) चौथ्या जगाच्या किल्ल्यात चुकीची वाट धरली की तोच रस्ता पुन्हा पुढ्यात येतो. हे ठाऊक असूनही तो कधीमधी चुकायचा आणि हसत पुन्हा निघायचा.

"अरे, केस पिकले तुझे," थोरला म्हणायचा. "पोरखेळ पुरे आता."

एका पावसाळी रात्री वीज गेली. टीव्ही बंद. मुलीने कंदिलाच्या उजेडात काकांच्या कपाटातून एक पुस्तक ओढलं. पंतांच्या नावावर 108 रामायणं सांगतात, त्यातलं हे निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म ही ओठ टेकणारी अक्षरं त्यात नाहीतच.

"म्हणजे रामायणात 'राम'च नाही?" मुलगी चक्रावली.

"लक्ष्मण नाही, भरत नाही, बिभीषणसुद्धा नाही. पंतांनी स्वतःच अवघड लेव्हल लावून घेतलीय. चल, मोठ्याने वाचू. ज्याचे ओठ टेकतील तो आऊट."

दोघं अडखळत, एकमेकांना पकडत वाचत सुटली. अर्धे शब्द डोक्यावरून गेले. पण गोष्ट घरचीच. कोणाबद्दल चाललंय ते अंदाजाने लागे, नाही लागलं तर पुढे जात आणि मागे येत. दुसऱ्या फेरीला बरंच उलगडलं.

थोरला दारात उभा होता. "अर्थ लागला?"

"थोडा."

"मग पुढे कसे गेलात?"

"दादा, बत्तीस टप्प्यांचा नकाशा पाठ करून मी मारिओला हात लावला नव्हता. खड्ड्यात पडलो, तेव्हा खड्डा कुठे आहे ते कळलं. इथेही अडेल, पडेल, पुन्हा यायचं. लाज कसली? ये, बस."

थोरला बसला. पहिली ओळ नीट गेली. दुसरीत समास आला.

"थांबा, वही आणतो."

"काका, 'थांबा'त ब आहे. आऊट!" मुलीने पुस्तक आपल्याकडे ओढलं.