रोजचे तेच ताट

माणसाला एका रोजच्या गोष्टीचा कंटाळा यावा आणि दुसरीचा, ती तितकीच रोजची असूनही, येऊ नये, असे का होते? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु ज्याच्या गळ्यात माळ आहे आणि ज्याच्या ताटात गेली चार वर्षे दुपारी तेच ते अन्न पडत आहे, त्याला तो टाळता येत नाही. म्हणून आज त्याविषयी चार शब्द वाचक माउलींपुढे ठेवीत आहोत.

आम्ही कळंबचे. नालासोपाऱ्याहून निर्मळवरून समुद्राकडे येणारा रस्ता जेथे सुरूच्या झाडांशी येऊन थांबतो, तेथले. चौतीस वर्षे लोकल गाडीने मुंबईस नोकरीला जात होतो. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, आणि मधुमेह घरात शिरल्यास चार. तेव्हापासून दुपारी साडेबाराला आमचे ताट ठरलेले असते. दीड नाचणीची भाकरी, वाटीभर मुगाची आमटी, दुधी, पडवळ किंवा तोंडली यांपैकी वाडीत असेल ती भाजी, काकडीच्या चार फोडी आणि पातळ ताक. भात रविवारी, तोही वाटीने मोजून.

हे रोज तेच का? कारण सरळ आहे. गोळी ठरलेली असते, म्हणून अन्नही ठरलेले बरे. आज दोन भाकऱ्या, उद्या नुसता भात, परवा उपास असे चालले, तर तीच गोळी एके दिवशी अपुरी पडते आणि दुसऱ्या दिवशी जास्त होते. नाचणी म्हणजे काही औषध नव्हे, तिच्यातही पिष्ट आहेच. पण कोंड्यामुळे साखर सावकाश चढते आणि दीड भाकरीत पोट भरते. दर तीन महिन्यांनी रक्ताची जी एक तपासणी करतात, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी शहाणपणाने जेवून तिला फसवता येत नाही. देवाच्या दारी जसे आषाढी-कार्तिकीपुरते भजन चालत नाही, तसेच हे.

रोग नवा नाही. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बैठे सुख, झोपेचे सुख, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे घेतली आहेत. इन्शुलिनचा शोध 1921 साली टोरांटोला लागला आणि 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवण्यापलीकडे वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. आज आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने सांगितले. तेव्हा हे गाऱ्हाणे एकट्या आमचे नाही. दिंडीत आमच्या पुढेमागे चालणाऱ्यांतही कित्येकांच्या पिशवीत टाळांबरोबर गोळ्यांची पाकिटे असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी सप्ताहाच्या काल्याला आम्ही लाडू नाकारला. शेजारी बसलेले एक वृद्ध वारकरी मोठ्याने म्हणाले, "बघा, जिभेवर कसा ताबा मिळवलाय! याला म्हणतात वैराग्य." चार माणसांनी माना डोलावल्या. आम्ही काय केले? गप्प बसलो. "अहो, साखर आहे मला," एवढे चार शब्दसुद्धा तोंडातून निघाले नाहीत. ती स्तुती त्या लाडवापेक्षा गोड लागली, आणि आम्ही ती खाल्ली.

त्याच महिन्यात आणखी एक प्रकार घडला. आमच्याकडची सुकेळी प्रसिद्ध आहेत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखी होतात. निर्मळच्या जत्रेतून नातवंडांसाठी आणलेला पुडा कपाटात होता. रात्री उठून आम्ही एक खाल्ले, दुसऱ्या रात्री दोन. आठवड्यात पुडा संपला, आणि विचारणा झाली तेव्हा आम्ही मुंग्यांचे नाव पुढे केले. सप्ताहात वैरागी, कपाटापाशी चोर!

तेव्हा पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे. डॉक्टरांच्या भयाने सोडलेली साखर हा त्याग नव्हे. त्याग म्हणजे आपली वस्तू आपण होऊन देणे. आमच्याकडून ती काढून घेतली गेली आहे. मग भयाने पाळलेला नियम व्यर्थ आहे काय? तसेही आम्हांस वाटत नाही. लहानपणी वडिलांच्या धाकानेच आम्ही हरिपाठाला बसू लागलो. धाक पुढे गेला, हरिपाठ राहिला. भयाने दार उघडते, पण दारात उभे राहून घर पाहिले असे म्हणू नये.

दुसरी गोष्ट आमच्या मंडळींनी शिकवली, तीही न शिकवता. गेल्या वर्षी सून चार दिवस राहायला आली होती. तिने सहज विचारले, "आईंना कुठं साखर आहे? मग त्या का रोज तेच जेवतात?" आम्ही समोरच्या ताटाकडे पाहिले. नाचणीची भाकरी, मुगाची आमटी, पडवळ. चार वर्षे ते ताट आमच्यासमोर होते, आणि आम्ही ते पाहिले नव्हते. जिला तांदळाची भाकरी आणि अळूवडी जिवापाड आवडते, जी होळीला पुरण घालते आणि स्वतः पोळीचा तुकडा मोडत नाही, तिला रोग काही नाही.

आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोन चुली कशाला मांडायच्या? आणि तुमच्यासमोर बसून मी गोडधोड खाल्लं, तर घास उतरेल का माझ्या घशाखाली?" एवढे बोलून ती भांडी घासायला गेली. सुकेळ्यांच्या मुंग्या कोणत्या, हे तिला तेव्हाच ठाऊक होते, हे आम्हांस नंतर कळले. तिने ते कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते.

वाचकहो, त्या दिवशी आमचा हिशेब उलटा झाला. कुरकुर आमची होती, आणि व्रत तिचे. आम्हांला धाक होता, तिला नव्हता. आमची स्तुती सप्ताहात झाली, तिच्या नावाने कोणी मान डोलावली नाही. त्याग कशाला म्हणावा हे आम्ही ग्रंथांत शोधीत होतो, आणि तो दोन हातांवर बसून जेवत होता.

मग कंटाळ्याचे काय? नोकरीत असतानाही आमचा डबा रोज तोच असे, पोळी आणि सुकी भाजी. चौतीस वर्षांत त्याचा वीट आला नाही. चार सोबती डबे उघडून बसत, एकमेकांना भाजी वाढत, बोलत. डब्याकडे कोणाचे लक्षच नसे. निवृत्तीनंतर सोबती गेले आणि सारे लक्ष ताटावर आले. म्हणजे वीट अन्नाचा नव्हता. आपणच आपल्याकडे टक लावून बसलो होतो, त्याचा होता. नामाचेही असेच आहे. नाम तर रोज तेच. जो आपल्याला काय वाटते हे तपासत जप करतो, त्याला दहाव्या मण्याला जांभई येते. ज्याचे लक्ष विठोबाकडे लागले, त्याला मणी किती झाले हे कळत नाही.

आता आम्ही एक केले आहे. आठवड्यातून दोन दिवस ती आपल्या आवडीचे करते आणि आमच्या शेजारी बसून जेवते, अशी तिला गळ घातली. पहिल्या दिवशी आमची नजर तिच्या अळूवडीवर तीनदा गेली. खोटे कशाला सांगा? अजूनही एखादे वेळी जाते. पण ताट तेच असून पहिल्यासारखे कडू लागत नाही.

एकादशीविषयी दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. काही गोळ्या पोटात अन्न नसतानाही साखर उतरवतात. निर्जळी उपास करून तीच गोळी घेतली, तर घाम सुटतो, हात कापतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. साखर 70 च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी लागते, तिथी पाहू नये. उलट साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे यांनी ती भराभर चढते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच. आणि हेही लक्षात असावे की ज्ञानेश्वर माउलींनी 1296 साली समाधी घेतली, तेव्हा बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद या देशात आलेलेच नव्हते. ती सारी अमेरिकेकडची पिके, 1492 नंतर जगात पसरली. तेव्हा खिचडी सोडल्याने संप्रदाय बुडतो असे कोणी समजू नये. डॉक्टरांना आधी विचारावे, गोळीची वेळ ठरवून घ्यावी, आणि ज्याला उपास झेपत नाही त्याने मोजके जेवून रात्री जागर करावा. अन्नाचे व्रत घटले, तर नामाचे वाढवावे.

आणि प्रसाद? कणभर घ्यावा, कपाळी लावावा, उरलेला शेजारच्या पोराला द्यावा. कोणी वैराग्याची तारीफ केली, तर मात्र ते चार शब्द लगेच बोलावेत. गेल्या काल्याला आम्ही ते बोललो. ते वृद्ध वारकरी हसले आणि हळूच म्हणाले, "मलापण आहे." मग दोघांनी मिळून एका लाडवाचा कण कण घेतला, आणि बाकीचा लाडू समोरच्या मुलाने केव्हा संपवला ते कळले नाही.

रामकृष्णहरि.