करड्या छटेचे अस्तित्व

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली लेणी आहेत आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले फाळके चलच्चित्राकडे वळण्यापूर्वी छपाईचे ठसे करण्याच्या धंद्यात होते. आणि त्या धंद्याची मुख्य अडचण अशी की, शाई कागदावर उमटते किंवा उमटत नाही, तिसरी अवस्था तिला नसतेच, म्हणून छायाचित्रातील गालावरची मंद सावली जाळीच्या काचेतून घेऊन लहानमोठ्या ठिपक्यांत फोडावी लागे. संगणकावर हलती चित्रे रचणारे आजचे कलावंत जुन्या पडद्यांची आठवण देणारा जो ठिपकेदार खडबडीतपणा मुद्दाम आणतात आणि ज्याला डिदरिंग म्हणतात, तो याच विद्येचा वारस होय.

या ठिपक्यांकडे पाहताना एक प्रश्न मला सोडीत नाही: काळा आणि पांढरा यांखेरीज जेथे काहीच नाही, तेथे दिसणारी करडी छटा खरी मानावी काय? हा वाद जुनाच आहे. अवयवांहून निराळा अवयवी, म्हणजे त्यांचा बनलेला एकसंध पदार्थ, नाही, लांबून सैन्य किंवा वन एक दिसावे तसा तो भास, असा बौद्धांचा पक्ष. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, त्यावर उत्तर दिले की, सैनिक आणि वृक्ष जवळून एकेकटे दिसतात, परमाणू कधीच दिसत नाहीत, आणि घट तर दिसतो, त्याअर्थी तो परमाणूंच्या राशीहून वेगळा असलाच पाहिजे. आता आमचे ठिपके वृक्षांप्रमाणे जवळून स्वच्छ दिसतात. तेव्हा प्रामाणिक नैयायिकालाही ही छटा अंतरामुळे झालेला भ्रम म्हणून प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावी लागेल.

मला हा निवाडा मान्य नाही, आणि त्याचे कारण फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या डिदरिंगच्या रीतीत आहे. तीत प्रत्येक पिक्सेलला काळे किंवा पांढरे होण्याचा हुकूम सुटतो, आणि त्यामुळे मूळ छटेशी जी तफावत पडते ती बुडीत न टाकता शेजाऱ्यांच्या खात्यावर चढविली जाते: उजवीकडे सोळांपैकी सात हिस्से, थेट खाली पाच, खाली डावीकडे तीन आणि खाली उजवीकडे एक. एकेक ठिपका आपल्या जागेपुरती खोटी साक्ष देतो, परंतु साऱ्या प्रदेशाची बेरीज मूळ उजेडाशी रुजू होते. अंधारात दोरीवर भासणारा रज्जुसर्प तपासू गेल्यास नाहीसा होतो. ही छटा मापू गेल्यास टिकते.

चित्र हलू लागले की कसोटी अधिक कठीण होते. वरच्या कोपऱ्यात किंचित बदल झाला, तरी तफावतीची वाटणी बदलून खालच्या निश्चल भिंतीवरचे ठिपके वळवळू लागतात; म्हणून पुष्कळ कलावंत ब्राइस बायर यांच्या १९७३ सालच्या ठरीव कोष्टकाचा आश्रय घेतात, ज्यात जाळी पडद्याला बांधलेली राहते आणि चेहरा तिच्यामागून सरकतो. ठिपके क्षणोक्षणी पालटतात, पाहणारा मात्र चेहरा ओळखतो, आणि त्याची ओळख चुकत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ या आपल्या चित्रपटापूर्वी, १९१२ साली, फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची एकेक चौकट काळाच्या अंतराने टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखविली होती. त्यातील कोणतीही चौकट हाती घेतली, तरी तीत वाढ सापडत नाही, केवळ स्थिर रोप सापडते. तथापि वाढ झाली होती, खरोखरीच्या मातीत झाली होती, आणि ती पडद्यावर पाहूनच पुढील चित्रपटासाठी कर्ज देणाऱ्याचा फाळक्यांवर विश्वास बसला.