पावसाची प्रार्थना आणि रानाची राखण

वाचावयाचा शास्त्रभाग : १ राजे १८:४१-४५, २ इतिहास ७:१२-१४



मृग कोरडा गेला की आपल्या मंडळ्यांत पावसासाठी खास प्रार्थना होते. त्या वेळी एलीयाची आठवण हटकून निघते. कर्मेल डोंगरावरून त्याने चाकराला पुन्हा पुन्हा समुद्राकडे पाहावयास पाठविले आणि अखेर पंजाएवढा ढग दिसला. आपणही समुद्राकडेच पाहतो. पण समुद्रापासून दूर असलेल्या शेतापर्यंत देव पाऊस कसा पोहोचवितो, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनचे रान पाहा. अटलांटिक महासागरावरून वारे बाष्प आणतात व पाऊस पडतो. झाडे ते पाणी मुळांनी ओढतात आणि पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात. वारा ते पुढे नेतो. पुन्हा पाऊस, पुन्हा बाष्प. एनेआस सालाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखविले की, त्या खोऱ्यातील सुमारे निम्मा पाऊस रानानेच परत केलेल्या पाण्याचा असतो. पुढे अँडीज पर्वताला अडून हे बाष्प दक्षिणेकडे वळते व दूरच्या शेतांवर बरसते. ज्यांनी ते रान कधी पाहिले नाही, त्यांचे पीक त्यावर पिकते.

रान मिळालेले धरून ठेवीत नाही. फुकट लाभलेले फुकट वाटावे, हा धडा प्रभूने शिष्यांना दिला (मत्तय १०:८). झाडे तो रोज गिरवितात.

मनुष्याने मात्र मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी हे रान तोडले व जाळले. झाड वाढताना हवेतील कार्बन डायऑक्साइड लाकडात साठविते. जाळले की तो वायू मोकळा होऊन पृथ्वीची उष्णता वाढवितो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले की, अमेझॉनचा आग्नेय भाग आता घेतो त्याहून अधिक कार्बन सोडतो. जो वाटून देणारा होता, तो आपल्या हातून जखमी झाला.

आणि आपण? आपल्या सह्याद्रीचेही असेच आहे. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले की, घाटातील राने पावसाळ्यात तमिळनाडूच्या पावसाला बाष्प पुरवितात. खानापूरच्या किंवा सत्तरीच्या रानात कुऱ्हाड पडली, तर तिचा घाव न पाहिलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीलाही लागू शकतो. तोही आपला शेजारीच आहे.

देवाने शलमोनाला सांगितलेला क्रम ध्यानात घ्या. आकाश बंद झाले, तर लोकांनी नम्र व्हावे, प्रार्थना करावी आणि वाईट मार्ग सोडावा; मग देश बरा होईल. आपण प्रार्थनेपर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. ज्या वाटेने देव पाऊस पाठवितो ती वाट आपणच मोडावी आणि मग त्याच्यापुढे हात पसरावे, हे कसे?

तरी निराश होऊ नये. ब्राझीलमध्ये २००४ साली अमेझॉनचे २७,७०० चौरस किलोमीटरहून अधिक रान तुटले होते. सरकारने उपग्रहांद्वारे पहारा ठेवला व कायदा अंमलात आणला, तेव्हा २०१२ मध्ये तो आकडा सुमारे ४,६०० वर आला. पहारा ढिला पडताच तो पुन्हा चढला आणि २०२१ मध्ये १३,००० च्या वर गेला. मागे फिरणे शक्य आहे; पण ते एकदाच करून भागत नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. उन्हातल्या एखाद्या पानेदार फांदीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. उपासना संपल्यावर मुलांना आतले थेंब दाखवा आणि मग एलीयाचा ढग शिकवा. चर्चच्या आवारातील जुने झाड तोडावयाचा ठराव पुढे आला, तर तीच मुले आपल्याला प्रश्न विचारतील. विचारू द्या.

हे प्रभो, पाऊस मागावयास आमचे ओठ उघडण्यापूर्वी आमचे हात शुद्ध कर. आमेन.