जुन्या तावदानाचे मूळपण

ब्रिटनमधील शहरांत साधारण १८८० ते १९१४ या काळात उभ्या राहिलेल्या मध्यमवर्गीय घरांत पुढच्या दाराला किंवा जिन्यावरच्या खिडकीला रंगीत काचेचे तावदान असणे ही नित्याची गोष्ट होती. कडेने पानाफुलांची नक्षी आणि मधोमध हाताने रंगवलेला एखादा पक्षी, असा त्याचा सर्वसाधारण थाट. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले असतात, पट्ट्यांच्या सांध्यांवर कथील-शिशाचा डाक दिलेला असतो आणि फटींत जवसाचे तेल, खडूची पूड व काजळी यांची लांबी भरलेली असते. काच शेकडो वर्षे टिकते. शिसे मात्र उन्हाने प्रसरण पावते, थंडीने आकसते, दार आपटल्याचे हादरे सोसते आणि शंभरेक वर्षांत थकते. मग सांध्यांजवळ पट्ट्या चिरतात, लांबी गळते, तावदानाला फुगवटा येतो. ही तावदाने आज त्या वयाला पोचली आहेत. ती दुरुस्त करताना तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न कारागिराच्या मेजावर येतो: दुरुस्तीनंतर दारात परत बसते ते तेच तावदान असते का?

प्रश्न नेमका कुठे उभा राहतो हे कामाच्या क्रमातून दिसते. आधी तावदानावर कागद पसरून शिशाच्या रेषांचा ठसा घासून घेतात, छायाचित्रे काढतात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात. नंतर जुने शिसे कापून काच सुटी करतात. तडकलेले तुकडे कडेला कड जुळवून इपॉक्सीने सांधतात किंवा तांब्याच्या पातळ पट्टीने जोडतात. पूर्वी प्रत्येक तड्यावर शिशाची एक जादा पट्टी चढवत, त्यामुळे दोन-तीन दुरुस्त्यांनंतर मूळ चित्र काळ्या रेघांत हरवून जाई. हरवलेल्या तुकड्यांच्या जागी नवी काच कापली जाते आणि सगळे पुन्हा नव्या शिशात, जुन्या ठशाबरहुकूम बांधले जाते. म्हणजे शिसे सारे नवे, काच बहुतेक जुनी, काही तुकडे नवे.

प्लुटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्यावर जहाज तेच राहिले का, यावर अथेन्समध्ये वाद होत. थॉमस हॉब्जने १६५५ साली त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या जपून कोणी त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर दोहोंतले खरे कोणते? भारतीय परंपरेत याच्या जोडीला मिलिंदप्रश्नातला रथ आहे. बौद्ध भिक्षू नागसेन मिलिंद राजाला दाखवून देतो, की आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हेत आणि या सर्वांखेरीज वेगळा रथही नाही. रथ हे या जुळणीला व्यवहारात दिलेले नाव आहे.

न्याय-वैशेषिक दार्शनिकांनी हे मान्य केले नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी असतो आणि तो अवयवांत समवाय, म्हणजे अविभाज्य, संबंधाने राहतो. वस्त्र म्हणजे नुसते तंतू नव्हेत. पण याच मताचा एक कठोर परिणामही त्यांनी पत्करला. वस्त्रातला एक तंतू काढला की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या तंतूंतून नवे वस्त्र उत्पन्न होते. त्याला ते खंडपट म्हणतात. पाहणाऱ्याला ‘हे तेच’ असे वाटते, ते दोहोंची जात एक असल्यामुळे. ऐकताना हे टोकाचे वाटते, तरी दुरुस्त केलेल्या तावदानाचे सर्वांत प्रामाणिक वर्णन हेच आहे. तावदान हे केवळ नाव असेल, तर ते नाव हुबेहूब नकलेलाही तितक्याच सहज देता येईल आणि काळजीने केलेली दुरुस्ती व सरसकट बदल यांतला फरक पुसला जाईल. बौद्ध येथे संतानाचा, म्हणजे क्षणांच्या कार्यकारण-साखळीचा आधार घेतील. परंतु जुन्या ठशावरून केलेली नक्कलही त्या साखळीतून पूर्णपणे बाहेर पडत नाही. खंडपटाची कल्पना मात्र दोन्ही गोष्टी एकदम सांगते: हा अवयवी नवा आहे आणि तो जुन्याच अवयवांतून उभा राहिला आहे.

तरी न्यायमतात एक उणीव राहते. तंतूला तंतू सारखा. तावदानाचे अवयव तसे सारखे नाहीत. शिशाचे काम धरून ठेवण्याचे आहे आणि नवे शिसे ते काम तितकेच चांगले करते. (सतराव्या-अठराव्या शतकांतल्या पट्ट्यांच्या खाचेत कधी कधी शिसे ओढणाऱ्या यंत्राचा ठसा, कारागिराचे नाव आणि सालही सापडते, म्हणून जुने शिसेसुद्धा न पाहता वितळवू नये.) साध्या रंगीत काचेचे मूळपण त्याहून अधिक. तशा रंगाची तोंडाने फुंकलेली काच आजही मिळते, पण बुडबुडे आणि जाडी जुळत नाही. रंगवलेल्या तुकड्याची गोष्ट अगदी निराळी. त्यावरच्या रेषा एका माणसाच्या कुंचल्याने ओढलेल्या आणि भट्टीत भाजून काचेत मुरवलेल्या असतात. तो हात पुन्हा मिळत नाही.

जॉन रस्किनने १८४९ मध्ये ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात जीर्णोद्धारावर जो घणाघात केला तो या हातासाठीच. ढासळणाऱ्या इमारतीला लोखंडाने बांधावे, लाकडाचे टेकू द्यावेत, याला रस्किनची हरकत नव्हती. हरकत होती गेलेले काम पुन्हा घडवल्याचा आव आणण्याला. विल्यम मॉरिसने १८७७ साली याच विचाराची संस्था काढली आणि त्यानंतर त्याच्या कंपनीने मध्ययुगीन चर्चसाठी नव्या रंगीत खिडक्यांच्या मागण्या घेणे थांबवले. रंगीत काच हा ज्याच्या व्यवसायाचा मोठा भाग, त्याने स्वतःवर घातलेले हे बंधन साधे नव्हे.

या तत्त्वाची खरी परीक्षा बोरॅक्सच्या काचांत होते. १८६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटनमधल्या अनेक चित्रकारांनी रंग कमी उष्णतेवर भाजता यावा म्हणून त्यात बोरॅक्स मिसळला. ओलाव्याने तो रंग सुटत गेला आणि कित्येक चेहऱ्यांचे डोळे-ओठ नाहीसे झाले. जुन्या काचेवर नवे डोळे रंगवले तर दोन हात कायमचे मिसळतात. काहीच न केले तर चेहरा कोरा राहतो. यातून निघालेली वाट विचारपूर्वक आहे: पातळ पारदर्शक काचेवर हरवलेल्या रेषा काढून ती जुन्या काचेच्या मागे बसवायची. चित्र पूर्ण दिसते, मूळ काचेला धक्का लागत नाही आणि पुढच्या पिढीला पटले नाही तर ती मागची काच काढून घेता येते. मात्र जुन्या रेषांचा निश्चित पुरावा असेल तरच हे करावे. अंदाजाने काढलेला चेहरा कोऱ्या चेहऱ्यापेक्षा वाईट.

मंदिरांच्या परंपरेने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने हाताळला. मुख्य अवयव भंगलेली मूर्ती पूजेत राहत नाही. तिच्यातले देवत्व कलशात घेतात, जुनी मूर्ती विसर्जित होते आणि नवी प्रतिष्ठापित होते. पुरीला जगन्नाथाच्या नवकलेवराच्या वेळी, अलीकडे १९९६ आणि २०१५ मध्ये, कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवल्या गेल्या आणि जुन्या मूर्तींतले गुप्त ब्रह्मतत्त्व त्यांत ठेवले गेले. जगन्नाथ तोच आहे का, अशी शंका भक्ताला येत नाही. उलट पंढरपूरला मूर्ती झिजली म्हणून बदलण्याचा विचार वारकऱ्याला सहन होणार नाही. तेथे झीज थांबवण्यासाठी वज्रलेप केला जातो, कारण भक्तांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या पायांवर डोके टेकले ते पाय याच पाषाणाचे आहेत. एका ठिकाणी द्रव्य देवत्वाचे पात्र आहे, दुसऱ्या ठिकाणी ते स्वतःच पूज्य झाले आहे. म्हणून वस्तू तीच की दुसरी, हे ठरवण्याआधी ती कशासाठी जपली जाते हे विचारावे लागते.

घरातले तावदान पूजेचे नाही आणि संग्रहालयातलेही नाही. संग्रहालय फुगवटा आलेले तावदान आडवे ठेवून जसेच्या तसे जपू शकते; घराच्या दाराला वारा-पाऊस अडवायचा असतो आणि जिन्यावर उजेड द्यायचा असतो. त्यामुळे येथे दुरुस्ती टाळणे हा मूळपणाचा आदर ठरत नाही, कारण निसटलेली काच खाली पडून फुटते. पण घरमालकाच्या सोयीलाही मर्यादा आहे. थंडी अडवण्यासाठी तावदान दुहेरी काचेच्या बंद कप्प्यात कायमचे कोंडले, तर पुढे ते काढून दुरुस्त करणे अवघड होते. बाहेरून हवा खेळेल इतके अंतर सोडून वेगळी संरक्षक काच बसवणे अधिक योग्य.

कॉर्पस व्हिट्रेआरुम या आंतरराष्ट्रीय संस्थेची २००४ सालची मार्गदर्शक तत्त्वे ऐतिहासिक काचेसाठी आहेत; किमान हस्तक्षेप आणि पूर्ण नोंद हा त्यांचा आग्रह घरातल्या साध्या तावदानालाही लागू पडतो. नव्या तुकड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत साल घालतात, म्हणजे त्याला कोणी जुना समजू नये. शिशाचा ठसा, कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे, वापरलेल्या इपॉक्सीचे नाव हे सारे घराच्या कागदपत्रांत ठेवले जाते. वापरता न आलेले फुटके तुकडे क्रमांक घालून पेटीत राहतात, आणि घर विकले गेल्यास कागदपत्रांबरोबर ती पेटीही नव्या मालकाच्या हवाली करायची असते.