टाकलेल्या पोराचं पाप कुणाचं?

सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) या काल्पनिक भविष्यात घडणाऱ्या कादंबरीतली कॅटनिस वडील गेल्यावर घर पोसायला शिकार करते. दुःखात बुडालेली आई घरात असून नसल्यासारखी. नागराज मंजुळे यांच्या नागपूरमध्ये घडणाऱ्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटाला असं काल्पनिक भविष्य लागत नाही. कॉलेज आणि झोपडपट्टी यांच्यामधली एक भिंत पुरते.

मग भिंतीपलीकडे टाकलेल्या अशा पोरानं चाकू काढला, तर पाप कुणाचं?

दीक्षाभूमीच्या नागपूरला बौद्ध कथेतला हत्यारा अंगुलिमाल परका नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये त्याचं परिवर्तन सांगितलं आहे. परंपरेतल्या कथेनुसार, कान भरलेल्या गुरूनंच या हुशार शिष्याला हत्येच्या वाटेला लावलं. बुद्ध त्याला संघात घेतात, तरी भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगड त्याला चुकत नाहीत. कथेचा हा कठोरपणा पटतो. गुरूचा दोष खरा, पण मेलेल्यांचा हिशेब तेवढ्यानं मिटत नाही.

'झुंड'मधले विजय बोराडे (मूळ प्रेरणा नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे) झोपडपट्टीतल्या पोरांची निर्दोषता तपासत बसत नाहीत. आधी फुटबॉल देतात.